थांब्याचं गाव

पनवेल हे वाटेवरचं गाव आहे आणि ते आजचं नाही. एक्स्प्रेस हायवे पूर्ण झाला २००२ साली. त्याच्या दोनशे वर्षं आधीही मुंबईहून पुण्याला निघालेल्या माणसाला पनवेलला पाय टेकावेच लागत. मुंबईच्या धक्क्यावर मचव्यात बसायचं, वारा आणि भरती साधून पनवेलच्या खाडीत शिरायचं आणि तिथून पालखी, घोडा नाहीतर बैलगाडी करायची. पुढे चौक, खोपोली, बोरघाट, खंडाळा. मारिया ग्रॅहम ही लेखिका डिसेंबर १८०९ मध्ये याच वाटेनं पुण्याला गेली. भरती काही माणसाच्या सोयीनं येत नाही. मचवा अपरात्री लागला की उरलेली रात्र पनवेलात काढायची. परतताना पाणी ओसरलेलं असलं तर ते चढेपर्यंत पुन्हा पनवेलातच थांबायचं. वाटसरूंना निवारा देणं या गावाला भागच होतं. तो निवारा कसा बांधलेला असायचा, त्यातलं आज डोळ्यांना काय दिसतं, एवढंच बघायला मी गेल्या डिसेंबरात पनवेलला गेले.

हे कुतूहल मात्र माझ्या मनात आलं ते फार लांब, इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात. बाथ शहरापासून दहाएक किलोमीटरवर नॉर्टन सेंट फिलिप नावाचं लहानसं खेडं आहे. तिथला ‘द जॉर्ज’ हा पब चौदाव्या शतकातला. गावात लोकरीची मोठी जत्रा भरायची. व्यापाऱ्यांना उतरायला आणि लोकरीचे गठ्ठे ठेवायला जागा हवी, म्हणून शेजारच्या हिंटन इथल्या कार्थुझियन मठानं ही इमारत बांधली. पुढे लोकरीचा धंदा बसला आणि घोडागाड्यांचा थांबा म्हणून ती चालत राहिली. रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स जून १६६८ मध्ये इथं जेवला. १६८५ च्या बंडात ड्यूक ऑफ मन्मथचा मुक्काम इथं पडला होता. आजही तिथं जेवण मिळतं, खोल्या मिळतात, संध्याकाळी गावातले लोक येऊन बसतात.

त्या इमारतीसमोर मी बराच वेळ उभी होते. तळमजला दगडी, घट्ट आणि गंभीर. त्याच्या वरचे मजले ओकच्या लाकडी सांगाड्याचे, आणि वरचा मजला खालच्याच्या पुढे रस्त्यावर झुकलेला. काळपट उभी-आडवी लाकडं आणि त्यांच्या मधल्या चौकटींत पांढरा गिलावा. अशा घरांत या चौकटी पूर्वी फोकांच्या विणीवर शेण, माती आणि गवताचा लगदा थापून भरत. आपल्याकडच्या कुडाच्या भिंतीची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही. ओक तिकडे ओला असतानाच कापतात आणि ओलाच जोडतात. एका लाकडाचं कुसू दुसऱ्याच्या भोकात बसवायचं आणि आरपार लाकडी मेख ठोकायची. मग लाकूड वर्षानुवर्षं वाळत जातं, आवळतं, पीळ घेतं. सांधे त्यामुळे अधिकच घट्ट होतात आणि भिंती मात्र किंचित वाकड्या होऊन बसतात. त्या वाकडेपणाला म्हातारपण समजायचं कारण नाही, तो लाकडाचा स्वभाव आहे आणि सुतारानं तो आधीच हिशोबात धरलेला असतो.

दर्शनी भागाच्या मधोमध कमान आहे. तिच्यातून आत गेलं की मागचं अंगण, एका बाजूला जिन्याचा दगडी बुरूज आणि वरच्या मजल्याला बाहेरून बिलगलेला लाकडी सज्जा. अशा बऱ्याच जुन्या इंग्रजी सरायांची रचना या तीन गोष्टींवर उभी असते: कमान, अंगण, सज्जा. आणि तिन्हींचं माप ठरवलं ते गाडीनं. कमान एवढी उंच की लादलेली गाडी आत यावी. अंगण एवढं की घोडे न सोडता ती वळवता यावी. खोल्यांची दारं सज्ज्यावर उघडतात, म्हणजे एकाची झोप न मोडता दुसऱ्याला आपल्या खोलीत जाता येतं आणि खाली बांधलेल्या जनावरावर, सामानावर नजरही राहते. आत बसायच्या खोलीत शेकोटी इतकी मोठी की तिच्या पोटातच दोन बाजूंना बाक. पाठ उंच केलेली लाकडी आसनं, वाऱ्याची झुळूक मानेला लागू नये म्हणून. जमिनीला फरसबंदी, कारण येणारा माणूस चिखलाच्या बुटांनी येणार हे बांधणाऱ्याला ठाऊक होतं. थकलेल्या माणसाचा इतका बारीक विचार करून बांधलेली इमारत मी क्वचित पाहिली आहे. तिथं बसल्या बसल्याच मनात आलं, आपल्या पुण्याच्या वाटेवर याच्या जोडीचं काय होतं?

पनवेलमध्ये मी कोळीवाड्याकडून सुरुवात केली. मचवे लागायचे ते खाडीच्या अंगाला, तेव्हा वाटसरू ज्या बाजूनं गावात शिरायचा त्याच बाजूनं आपणही शिरावं असं वाटलं. ओहोटी होती. खाडीत चिखल उघडा पडला होता, कांदळवनाच्या मुळांतून पाणी ठिबकत होतं आणि होड्या कुशीवर कलंडल्या होत्या. भरती नसताना इथं उतरणं म्हणजे काय असेल, हे सांगायला दुसऱ्या कोणाची गरज नव्हती. तिथून बाजारपेठेत आले. पेठ आज सिमेंटच्या इमारतींनी आणि फ्लेक्सनी भरलेली आहे. तरी नजर पहिल्या मजल्यावर ठेवून चाललं की मधेमधे एखादं जुनं घर उभं असलेलं दिसतं, दोन नव्या इमारतींच्या मधे अंग चोरून. खाली दुकान, दुकानापुढे ओटा, वर लाकडी कठड्याची गॅलरी, त्यावर खूप पुढे आलेली कौलांची पाखं.

ही घरं रस्त्याला तोंड अरुंद ठेवतात आणि मागे लांबच लांब जातात. पेठेत रस्त्याला लागलेली जागा महाग, ती सगळ्यांना थोडी थोडी मिळावी. जॉर्जच्या वरच्या मजल्याप्रमाणे इथली गॅलरीही रस्त्यावर झुकते, पण कारण वेगळं आहे. इथं पाऊस आहे. जून ते सप्टेंबर कोकणातला पाऊस तिरका येतो. पाखं जितकी पुढे, तितका ओटा कोरडा. आणि ओटा कोरडा राहिला तरच दुकान, गिऱ्हाईक आणि आडोशाला उभा राहिलेला परका माणूस कोरडा. इंग्लंडातल्या सरायीनं थंडीशी भांडून आपला आकार मिळवला. पनवेलच्या पेठेनं तो पावसाशी भांडून मिळवला.

एका घराच्या ओट्यावर एक काका पेपर वाचत बसले होते. मी वर गॅलरीकडे बघत उभी राहिल्यावर त्यांनी विचारलं, “कोणाकडे आलात?”

“कोणाकडे नाही काका, घर बघत होते. जुनं दिसतंय.”

“मग बाहेरून काय बघता? या, आत या. चप्पल राहू दे इथंच.”

आतलं घर बघायला मिळालं हे माझं भाग्य. दुकानाच्या बाजूच्या बोळातून आत गेलं की ओटी, तिच्यापलीकडे छोटा चौक, चौकाच्या तिन्ही बाजूंना सोपा, मग माजघर, आणि शेवटी परसू आणि विहीर. सागवानी खांब काळ्या दगडाच्या तळखड्यांवर उभे आहेत. लाकूड जमिनीला टेकू दिलेलं नाही, म्हणजे ओल वर चढत नाही आणि वाळवीला थेट वाट मिळत नाही. खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्यांचा कडीपाट. काकांनी मला तुळई आणि खांबाच्या सांध्याजवळ नेलं आणि मोबाइलचा टॉर्च लावून दाखवला. तिथं लोखंड नाही. खांबाच्या डोक्याला कुसू काढलेलं, ते तुळईत बसवलेलं आणि बाजूनं लाकडी पाचर मारलेली. सॉमरसेटच्या सुतारानं ओकमध्ये जे केलं, तेच इथल्या सुतारानं सागात केलं होतं. दोघांची भेट होणं शक्य नव्हतं. पण दोघांपुढे एकच प्रश्न होता: भिंत पडली तरी छप्पर उभं राहिलं पाहिजे. म्हणून दोन्हीकडे भार पेलतो तो लाकडी सांगाडा आणि भिंत नुसता आडोसा देते. घराचं मापही दोन्हीकडे खांबांमधल्या अंतरावरूनच, म्हणजे खणांवरून सांगतात.

एक फरक मात्र डोळ्यांत भरतो. साग वाळवून, मुरवून वापरतात. त्यामुळे या घरातल्या रेषा अजून सरळ आहेत. काकांनी तुळईच्या खालच्या कडेवरून तळहात फिरवला आणि म्हणाले, “याला रंधा मारल्यापासून कोणी हात लावलेला नाही. पॉलिश नाही, काही नाही.” लाकूड मधासारखं दिसत होतं.

“बाहेरचे लोक कुठं उतरायचे?” मी विचारलं.

“अनोळखी असला तर ओट्यावर. आडनाव-गाव कळलं की ओटीवर. सोयरा असला तर माजघरात. माझे आजोबा असतानाही असंच होतं. ओट्यावर झोपलेल्या माणसाला कधी कोणी उठवलं नाही, एवढं नक्की.”

मला यात जॉर्जपेक्षा पुढच्या काळातले इंग्रजी पब दिसले. एकोणिसाव्या शतकातल्या पबांत लाकडी पडद्यांनी आणि नक्षीदार काचांनी एकाच बैठकीचे तुकडे केलेले असत. मजुरांना साधी खोली, साहेबलोकांना गालिच्याची, आणि ज्यांना कोणाच्या नजरेत यायचं नाही त्यांना एक चिमुकला कप्पा. माणसाला किती आत येऊ द्यायचं, हे तिथंही बांधकामच ठरवायचं. आपल्याकडे या पायऱ्यांच्या मुळाशी जात होती. जॉर्जमध्ये एक शेकोटी, एक स्वयंपाकघर आणि एकाच भांड्यातलं जेवण सगळ्यांना. पनवेलमध्ये शंभर वाटसरू उतरले तर त्यातले किती एका पंगतीला बसले असते? प्रत्येकाला आपापल्या माणसानं आपापल्या चुलीवर रांधलेलं हवं. त्यामुळे आपल्याकडच्या धर्मशाळेत मोठं स्वयंपाकघर नसतं. असते ती लांबलचक पडवी, तिचे खण पाडलेले, दर खणात तीन दगड मांडून चूल पेटवण्यापुरती जागा आणि जवळ पाणी. देवळाभोवतीच्या ओवऱ्या याच नमुन्याच्या. या वाटेवर याचं फार सुंदर उदाहरण घाटाखाली आहे. खोपोलीला नाना फडणवीसांनी महादेवाचं देऊळ आणि त्यापुढे मोठा तलाव बांधला. घाट चढण्याआधी किंवा उतरल्यावर माणूस आणि जनावर दोघांनाही पाणी मिळावं, टेकायला जागा मिळावी, ही त्यामागची दृष्टी. पनवेलमध्येही वडाळे, कृष्णाळे, देवाळे, विश्राळे अशी तळी आहेत. वाटसरूंच्या गावाला इतकं पाणी लागणारच.

हे सगळं बघता बघता माझ्या लक्षात आलं की मी एक इमारत शोधत होते आणि पनवेलनं ती कधी बांधलीच नव्हती. जॉर्जनं एका छपराखाली जे गोळा केलं, ते इथं गावभर पसरलेलं होतं. झोपायला ओटे, पडव्या, ओवऱ्या. पाण्याला तळी. जनावरांना मोकळी मैदानं. प्रार्थनेला बल्लाळेश्वराचं देऊळ, मशीद आणि बेने इस्रायल समाजाचं १८४९ मधलं बेथ एल सिनेगॉग. आणि गाडी दुरुस्तीला सबंध पेठ. खाडीपासून टपाल नाक्यापर्यंत चालत गेलं तर जॉर्जच्या कमानीपासून अंगणापर्यंत जे दिसतं ते सगळं या रस्त्यावर क्रमानं लागत असणार. पनवेलची पेठ हीच पनवेलची सराय होती. माझी तशी खात्री झाली आहे.

गाडी दुरुस्तीबद्दल थोडं सांगितलंच पाहिजे. एकोणिसाव्या शतकात पनवेल बैलगाड्या आणि त्यांच्या चाकांसाठी नाव मिळवून होतं. हा धंदा इथंच का वाढला, ते उघड आहे. बोरघाटाचा रस्ता जनरल वेलस्लीनं १८०४ मध्ये तोफा नेण्यापुरता नीट करून घेतला आणि मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात, नोव्हेंबर १८३० मध्ये, तो चाकाच्या गाड्यांना खुला झाला. त्याआधी घाटातून मुख्यतः बैलांच्या पाठीवरून माल जाई. रस्ता गाड्यांना खुला झाल्यावर मुंबई आणि देश यांच्यामधला केवढा माल पनवेलच्या बंदरात गाडीवर चढू आणि उतरू लागला असेल. घाटातून उतरलेल्या चाकाची काय दशा होते, ते ज्यानं बैलगाडी वापरली आहे त्याला विचारावं. चाक बनवणं म्हणजे मधल्या तुंब्यात आरे ठोकायचे, आऱ्यांच्या टोकांवर पुठ्ठे बसवून वर्तुळ पुरं करायचं आणि शेवटी लोखंडी धाव चढवायची. धाव चाकापेक्षा किंचित लहानच घडवतात. गोवऱ्यांच्या आगीत ती लाल होईपर्यंत तापवायची, फुगलेली असतानाच सांडशीनं धरून चाकावर उतरवायची, घणानं बसवायची आणि भडाभडा पाणी ओतायचं. वाफेचा लोट उठतो, लाकूड करकरतं आणि आकसलेली धाव सगळे सांधे एकदम आवळून घेते. लाकडाच्या आणि लोखंडाच्या स्वभावाची अशी नेमकी जाण असलेले सुतार-लोहार ज्या गावात पिढ्यान् पिढ्या राहिले, त्या गावातल्या घरांचे सांधे अजून ढिले झालेले नाहीत यात नवल नाही.

साहेब लोकांची सोय निराळी होती. त्यांच्यासाठी मुसाफरी बंगला, जसा पुढच्या प्रत्येक टप्प्यावर असायचा. उंच जोतं, भोवती रुंद व्हरांडा, मधे एक दालन, दोन्ही बाजूंना खोल्या, मागे न्हाणी आणि लांबवर खानसाम्याची चूल. इंग्रजांनी आपल्या देशातली सराय इथं आणली नाही. कमान, अंगण, सज्जा काहीच नाही. त्यांनी उचलली ती इथलीच पडवी आणि घराच्या चारही बाजूंना फिरवली. त्यांचा हा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो. फक्त त्या बंगल्यात गावचं माणूस कधी जाऊन बसत नसे, आणि म्हणून त्याची आठवणही गावात फारशी रुजली नाही.

मग रेल्वे आली आणि पनवेलला वळसा घालून गेली. कल्याण, कर्जतवरून लोहमार्ग १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत पोचला, १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली आणि १८६३ मध्ये बोरघाटातला मार्गही खुला झाला. मुंबईचा उतारू आता मचव्यात बसेना. इंग्लंडमध्येही रेल्वेनं हेच केलं. लंडनला साउथवर्कमध्ये दुसरी एक ‘जॉर्ज’ सराय आहे, १६७६ च्या आगीनंतर १६७७ मध्ये पुन्हा उभारलेली, तीन बाजूंना सज्जे असलेली. तिच्या दोन बाजू १८८९ मध्ये रेल्वे कंपनीनं पाडल्या. उरलेली बाजू १९३७ पासून नॅशनल ट्रस्टकडे आहे. खेड्यांतल्या सराया मात्र बऱ्याच तगल्या. गाड्या थांबल्या तरी गाव थांबलं नव्हतं. लग्नाची बोलणी, पिकाचे सौदे, पंचायती, गाणी, सगळं त्याच खोलीत होत होतं. वाटसरू गेल्यावर घर गावानं सांभाळलं. पुढे १९४७ च्या कायद्यानं जुन्या इमारतींच्या याद्या करणं सुरू झालं. २०११ च्या कायद्यानं तर अशीही तरतूद केली की एखादा पब सार्वजनिक महत्त्वाचा म्हणून नोंदला गेला आणि मालकानं विकायला काढला, तर गावकऱ्यांना पैसे उभे करायला सहा महिन्यांपर्यंत मुदत मिळते. काही गावांनी आपले पब असे विकत घेऊन चालवले आहेत.

पनवेलही जुन्या नागरी परंपरेचं गाव. इथली नगरपालिका १८५२ ची, राज्यातल्या अगदी पहिल्या नगरपालिकांपैकी एक. २०१६ मध्ये तिची महानगरपालिका झाली. जागेचे भाव कुठं गेले ते सांगायला नको. काकांच्या घराला आज अनेक वारस आहेत. कोणी ठाण्याला, कोणी पुण्याला, एक कुटुंब परदेशात. बिल्डरची बोलणी चालू आहेत. यात मी कोणाला दोष देऊ शकत नाही. लाकडी घर सांभाळायला दर पावसाळ्याआधी कौलं चाळावी लागतात, वासे बघावे लागतात, आणि कौलं चाळणारा माणूस आता मिळत नाही. वयस्कर माणसाला रात्री चौक ओलांडून न्हाणीत जावं लागतं. ज्यांना तिथं राहायचं आहे त्यांना लिफ्ट हवी असेल तर ती हवीच. मला वाईट याचं वाटतं की घर पाडण्याआधी त्याचा साधा नकाशासुद्धा काढला जात नाही. तुळया जुन्या लाकडाच्या वखारीत जातात, खांब कुठल्याशा रिसॉर्टच्या स्वागतकक्षात उभे राहतात, आणि ते कुठल्या खणात, कशाखाली उभे होते हे सांगणारं कोणीच उरत नाही.

हे मी काकांना बोलून दाखवलं. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मोजायचं असेल तर मोजा की. करार व्हायला अजून अवकाश आहे. माडीवरची खोली बंद आहे, ती उघडून देतो. शेजारच्यांनाही सांगतो, त्यांच्याकडे वरच्या गॅलरीचं काम आमच्यापेक्षा चांगलं आहे.”

वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाला असलेली माझी भाची आणि तिच्या दोन मैत्रिणी यायला तयार झाल्या आहेत. पावसाळ्याआधी ही दोन घरं मोजून व्हायला हवीत: जोत्याची उंची, ओट्याची रुंदी, खणांची मापं, पाखं किती पुढे आली आहेत ते, आणि प्रत्येक सांध्याचा जवळून फोटो. काकांनी शिडी आहे म्हणून सांगितलं आहे. लेझरची फीत आम्ही नेणार आहोत.